फोंड्याचा डबा मोपाला चालतो का?

प्रश्न : आम्ही फोंड्याला राहतो. मे महिन्यात मोपा विमानतळावरून मुंबईला गेलो होतो : मी, नवरा, दोन मुलं (वय ९ आणि ५) आणि सासूबाई. विमान सुटायला वेळ होता म्हणून आत थोडंसं खाल्लं. तीन चहा ५१०, तीन सँडविच ९६०, पाण्याच्या तीन बाटल्या २१०, मुलांना दोन मफिन ४२०, वर जीएसटी १०५. एकूण २,२०५ रुपये आणि पोट कुणाचंच भरलं नाही! आता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीला जायचंय, दुपारी साडेबाराचं विमान आहे. मी म्हणते घरून डबा नेऊ. नवरा म्हणतो, सिक्युरिटीवाले काढून टाकतात आणि चारचौघांत डबा उघडणं बरंही दिसत नाही. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे उपाशी ठेवता येत नाही. शिवाय त्यांना दिल्लीच्या नणंदेसाठी ओटीचा नारळ न्यायचाय. नेमकं काय करावं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर :

ताई, डबा चालतो. देशांतर्गत प्रवासात घरचं खाणं हातातल्या बॅगेतून नेता येतं आणि विमानात बसून खाताही येतं. कॅफेने मांडलेल्या टेबलावर मात्र बाहेरचा डबा उघडू नका, तिथे वेटर उठवणारच. गेटसमोरच्या खुर्च्या सगळ्यांच्या असतात. नवऱ्याला सांगा, पहाटेच्या विमानाला त्या खुर्च्यांवर एकदा नजर टाका. ठेपले, इडल्या, पराठे सगळं निघालेलं असतं आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

आधी तुमचं बिल बघू, कारण गोम त्यातच आहे. भूक भागवणारी वस्तू त्यात एकच, सँडविच, ९६० रुपयांची. उरलेले ११४० रुपये चहा, पाणी आणि मफिनचे. अर्ध्याहून जास्त पैसे तलफ, तहान आणि मुलांच्या कंटाळ्यावर गेले. डबा फक्त पहिल्या ९६० ला उत्तर देतो. चहा-पाण्याचा आणि मुलांचा बंदोबस्त वेगळा केला नाही तर डबा नेऊनही हजार रुपये जातीलच.

हे दर एवढे का, ते थोडक्यात सांगतो. टर्मिनलमधला दुकानदार नुसतं भाडं भरत नाही. बहुतेक करारांत दरमहा किमान हमी रक्कम किंवा विक्रीतला ठरलेला वाटा, यातलं जे जास्त असेल ते विमानतळाला द्यावं लागतं. माल तपासणीतून आत आणायचा, प्रत्येक कामगाराचा प्रवेश परवाना काढायचा, रात्रपाळीही चालवायची. मोठ्या विमानतळांचे लँडिंग, पार्किंगसारखे आकार नियामक ठरवतो. सँडविचचा दर कुणीच ठरवत नाही. आणि सिक्युरिटी ओलांडलेलं गिऱ्हाईक परत बाहेर जाणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. सरकारने यावर ‘उडान यात्री कॅफे’ काढले, पहिलं डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईला, पुढे आणखी काही ठिकाणी. तिथे चहा १० रुपये, पाणी १० रुपये, सामोसा २० रुपये असे दर ठेवले गेले. वाटेतल्या विमानतळावर असं कॅफे असेल तर जरूर शोधा, पण त्याच्या भरवशावर घरून रिकामे निघू नका.

आता घड्याळ मांडा. साडेबाराच्या विमानाला साडेदहाला मोपाला पोचलेलं बरं. फोंड्याहून पणजी, पर्वरी, म्हापसा, धारगळ करत साधारण ६५ किलोमीटर होतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्याचे रस्ते पर्यटकांनी तुंबलेले असतात, तेव्हा आठला घर सोडा. नवाच्या पुढेमागे म्हापसा येईल. तिथे वीस मिनिटं थांबून सगळ्यांनी गरम पातळ भाजी, पाव, मिरची आणि चहा घ्या. विमानतळावर एका सँडविचला दिलेत तेवढ्यात पाच जणांचा नाश्ता होईल. म्हापशानंतर धारगळचा फाटा सोडला की मोपाच्या पठारावर टपरी शोधत बसू नका. दाबोळी विमानतळावरून जाणाऱ्यांचं बरं असतं, चिखली-दाबोळीच्या वस्तीत काही ना काही मिळतं. मोपाला तशी सोय धरून चालू नका.

साडेनवाला भरपेट खाल्लं की साडेदहा ते बारा या वेळात, म्हणजे तुम्ही नेमके टर्मिनलमध्ये असताना, कुणाला खरी भूक नसते. पुढची भूक एक-दीडला, विमानात. त्यानंतरची चारच्या सुमाराला, दिल्लीत बॅगा घेऊन टॅक्सीत बसता तेव्हा. डबा या दोन वेळांसाठी भरायचा. मागच्या वेळी काय झालं असावं याचा अंदाज आहे : लवकर निघायचं म्हणून घरी फक्त चहा-बिस्किट, आणि भूक लागली ती बरोबर सिक्युरिटी ओलांडल्यावर.

डब्यात काय भरायचं यात गोव्याच्या स्वयंपाकाची एक अडचण आहे, ओला नारळ. ओल्या नारळाच्या वाटणाची भाजी, नारळाची ओली चटणी, खोबरं घातलेले फोव (पोहे) सकाळी सहाला केले तर गाडीच्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबतात. तोणाक, सोलकढी, आमटी घरीच ठेवा. सांडण्याची आणि सिक्युरिटीची कटकट वेगळीच. दहीभातही नको. कच्चा कांदा घातलेलं काहीही नको.

तिखटमिठाच्या पुऱ्या यासाठी सगळ्यात बिनधास्त. पाच जणांना ३ वाट्या कणीक, पाव वाटी बेसन, एक चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, थोडा ओवा, मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाणी बेताने घालून घट्ट भिजवा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. तळहाताएवढ्या साधारण २४ पुऱ्या होतात. कणीक सैल झाली तर पुऱ्या तेल पितात आणि दुपारी चामट लागतात. तळल्यावर जाळीवर पसरून पुऱ्या पूर्ण गार होऊ द्या, अर्धा-पाऊण तास लागतो. घाईत गरम पुऱ्या डब्यात कोंबल्या की वाफेचं पाणी झाकणाला धरतं, तेच खाली गळतं आणि वास मारायला लागतो. डबा खराब होण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं. म्हणून पुऱ्या आदल्या रात्री करून ठेवल्या तरी उत्तम. सोबत चार बटाट्यांची सुकी भाजी, फोडणी, हळद, मिरची आणि मीठ एवढीच. ती मात्र सकाळीच करायची आणि दीडला विमानात संपवायची, दिल्लीपर्यंत ठेवायची नाही. चारच्या भुकेला शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी लावून उरलेल्या पुऱ्या, पाव किलो चिवडा आणि केळी. केळी सालदाटी घ्या, साल जाड असल्यामुळे बॅगेत चेचली जात नाहीत. लसणीची चटणी, सुका बांगडा, उकडलेली अंडी हे बंद विमानात उघडू नका. त्याला मनाई नाही, पण तुमच्या पुढच्या-मागच्या तीन रांगा तुम्हाला विसरणार नाहीत.

स्टीलचा तीन मजली डबा नेण्याचा मोह होईल. तो रिकामाच जड असतो, आणि इकॉनॉमीत हातातल्या सामानाला साधारण सात किलोचीच मर्यादा असते. एकावर एक स्टीलचे डबे स्कॅनरच्या पडद्यावर गर्द गठ्ठा म्हणून दिसतात, मग बॅग बाजूला घेऊन उघडायला लावतात. त्यापेक्षा पुऱ्या बटर पेपरमध्ये गुंडाळा, वरून पातळ सुती फडकं, आणि भाजी एका चपट्या हलक्या डब्यात. हे सगळं एका कापडी पिशवीत, बॅगेच्या अगदी वर. बॅग उघडायला सांगितली तरी पिशवी काढून दाखवली की दोन मिनिटांत काम होतं. लाडू, वड्या, बर्फी असे घट्ट पदार्थ असतील तर तेही त्याच पिशवीत. असे दाट गोळे स्कॅनरवर संशयास्पद दिसतात म्हणून तपासणी होते, खाण्याला हरकत असते म्हणून नव्हे. चमचे साधे न्या. सुरी, सोलणं, टोकदार काटे नकोत; फळ कापून खायचं असेल तर घरीच कापा.

लाल तिखटाची पुडी आणि मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका. लोणचं न्यायचंच असेल तर झाकणाला प्लॅस्टिक लावून, दोन पिशव्यांत बांधून चेक-इन सामानात.

आता सासूबाईंचा नारळ. सुकं खोबरं, म्हणजे खोबऱ्याची वाटी, हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. त्यात तेल भरपूर असतं आणि साठ्यात आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात त्याची गणना होते. अख्खा ओला नारळही केबिनमध्ये घेऊ देत नाहीत. शबरीमलाच्या यात्रेकरूंना मध्यंतरी काही काळापुरती सवलत दिली होती, तेवढीच. चेक-इनमध्ये टाकायचा असेल तर विमान कंपनीला आधी विचारा. खरं तर दिल्लीत देवळाबाहेर नारळ मिळतो. ओटीची खण-हळदकुंकू-तांदळाची तयारी इथून न्या, नारळ तिथे घ्या. सिक्युरिटीच्या टेबलावर नारळ सोडून यावा लागला तर सासूबाईंना ते पाण्याच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त लागेल.

त्यांच्या मधुमेहाबद्दल. गोळ्या, इन्सुलिन, साखर मोजायचं यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच. इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीच टाकू नये, सामानाच्या कप्प्यातल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकतं. साखर खाली आली तर लागणारी ग्लुकोजची पुडी किंवा चार साखरेची बिस्किटं त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये असू द्या. डबा डोक्यावरच्या कप्प्यात आणि पट्ट्याचा दिवा लागलेला, अशा वेळी तुम्हाला उठता येणार नाही. जेवणाआधीची गोळी किंवा सुई विमान सुटण्याच्या छापील वेळेवर नको. जेवण प्रत्यक्ष समोर आल्यावरच. वेळेची बाकी घडी त्यांच्या डॉक्टरांकडून आधी बसवून घ्या.

पाणी फुकट मिळतं, नीट शोधलं तर. प्रत्येकाची एक रिकामी बाटली न्या आणि सिक्युरिटी झाल्यावर भरा. पिण्याच्या पाण्याचे नळ बहुधा स्वच्छतागृहांच्या शेजारी असतात, पाटी लहान असते. देशांतर्गत प्रवासात भरलेली बाटलीही सहसा जाऊ देतात, फार तर एक घोट पिऊन दाखवायला सांगतात. तरी रिकामी नेली की वादच नाही. विमानातही मागितलं तर पाणी मिळतं, स्वस्त कंपन्यांतसुद्धा, पण छोट्या पेल्यातून. पाच वर्षांच्या मुलाला तेवढं पुरत नाही. वाटेत विमान बदलायचं असेल आणि दुसऱ्यांदा सिक्युरिटी असेल तर त्याआधी बाटल्या रिकाम्या करा.

मुलांच्या मफिनवर उपाय म्हणजे त्यांच्या खाऊची प्रत्येकी वेगळी थैली. आत खाजं, काजू, मनुका, एखादं चॉकलेट. ती विमानतळात शिरल्यावर त्यांच्या हातात द्यायची, आधी नाही. गाडीतच दिली तर पर्वरीच्या पुलापर्यंत संपते आणि टर्मिनलमधली काचेची कपाटं पुन्हा खुणावतात. आणि चहा? चहा प्या. दोन कप घेऊन तिघांत वाटा, ३४० रुपये मनात आधीच मांडून ठेवा. सगळंच तोडायला गेलं की दीड तास तेवढाच जड जातो.

लाउंजबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी नक्की सुचवेल. क्रेडिट कार्ड बहुधा एकाच माणसाला आत घेतं. तुम्ही पाच आहात. उरलेल्यांचे पैसे भरले तर मागचं बिलसुद्धा स्वस्त वाटेल. शिवाय आता बऱ्याच कार्डांना मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केलेला असावा लागतो. नवरा एकटा कामाला जात असेल तेव्हा लाउंज ठीक.

आता मागच्या बिलातल्या ७० रुपयांच्या बाटलीकडे येऊ. पाकीटबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकणं दुकानदाराला बेकायदा आहे, मग दुकान विमानतळात असो की फोंड्याच्या बाजारात. छापील किमतीत कर धरलेलाच असतो, वर जीएसटी लावता येत नाही. पण हॉटेल-रेस्टॉरंटात बसून घेतलेल्या बाटलीला हा नियम लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं की तिथे विक्रीबरोबर सेवाही असते. म्हणून बाटली कॅफेच्या टेबलावर मागवू नका, पुस्तकं-बिस्किटं विकणाऱ्या दुकानातून घ्या आणि पैसे देण्याआधी लेबल फिरवून बघा. कधी कधी वेगळ्याच आकाराची किंवा प्रकारची बाटली ठेवलेली असते आणि तिच्यावरच मोठी किंमत छापलेली असते. मग तक्रारीला जागा राहत नाही, खरेदी न करणं एवढंच हातात. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतील तर बिल आणि लेबल दोन्हींचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. दोन्ही फोटो एकत्र असले की तक्रार भक्कम होते. बिलात ‘सेवा शुल्क’ दिसलं तर ते काढायला सांगा. ते ग्राहकाच्या मर्जीवर आहे, आपोआप लावता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरलं आहे. पाच टक्के जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

तुमच्या प्रवासात सगळ्यात मोठा धोका दराचा नाही, धुक्याचा आहे. डिसेंबरच्या शेवटी दिल्लीत धुकं असतं आणि तुम्हाला नेणारं विमान बऱ्याचदा सकाळी दिल्लीहूनच निघून मोपाला येतं. मोपाला लख्ख ऊन असलं तरी विमान तीन-चार तास उशिरा येऊ शकतं. म्हणून घरून निघण्याआधी, सात वाजता, आपल्या विमानाची स्थिती तपासा; येणारं विमान दिल्लीहून सुटलंय का ते मात्र म्हापशाला थांबाल तेव्हाच दिसेल. कंपनीने वेळ पुढे ढकलल्याचं अधिकृत कळवलं असेल तर म्हापशाचा नाश्ता निवांत होऊ दे. पण नुसत्या अंदाजावर उशिरा निघू नका, चेक-इन काउंटर जुन्या वेळेलाच बंद होऊ शकतो.

उशीर झाल्यावर खाणं देण्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे, तुम्ही वेळेत हजर झालेले असलात तर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात त्याचे टप्पे आहेत. उड्डाणाचा नियोजित कालावधी अडीच तासांपर्यंत असेल तर दोन तासांच्या उशिराला, अडीच ते पाच तास असेल तर तीन तासांच्या उशिराला खाणं-पिणं द्यायचं. गोवा-मुंबई, गोवा-बंगळूर पहिल्या गटात येतात. गोवा-दिल्ली वेळापत्रकात बहुधा अडीच तासांच्या थोडी वर असते, म्हणजे तुम्हाला तीन तास. तिकिटावरच्या दोन वेळा वजा करून बघा, दहा मिनिटांनी गट बदलतो. तीन तास होताच गेटवरच्या कर्मचाऱ्याकडे जा आणि पाचही बोर्डिंग पास दाखवून मागा. बहुतेकदा कुपन किंवा खाण्याचं पाकीट मिळतं, पण गर्दीत स्वतःहून येऊन देतीलच असं नाही. कुपन कुठल्या दुकानात आणि किती रुपयांपर्यंत चालतं ते तिथेच विचारा, नाहीतर वरचा फरक खिशातून जातो. धुक्यामुळे उशीर झाला म्हणून नुकसानभरपाई मिळत नाही. हवामानामुळे झालेल्या उशिरात खाणं देण्याचं बंधनही नियमानुसार कंपनीवर राहत नाही, तरी मागून बघायला हरकत नाही. कर्मचारी ‘हवामान आहे’ म्हणाला तरी खाण्याबद्दल शांतपणे पुन्हा विचारा. दिलं नाही तर उशिराचा मेसेज जपून ठेवा, स्वतः घेतलेल्या खाण्याचं बिल ठेवा आणि आधी कंपनीकडे, मग सरकारच्या ‘एअरसेवा’ या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका.

याच कारणासाठी पुऱ्या २४ सांगितल्या, नाहीतर पाच जणांना १८ पुरल्या असत्या. उशीर झाला नाही तर चिवड्याचं पाकीट चारच्या आधी फोडू नका.

परतीला घरचं स्वयंपाकघर नसेल. नणंदेकडून कोरडे पराठे बांधून घ्या, मेथीचे किंवा साधे. बटाटा भरलेले थंडीत सहा तास टिकतात, पण गोव्यात उतरेपर्यंत मऊ पडतात. दिल्लीचं टर्मिनल मोठं आहे. सिक्युरिटीपासून लांबच्या गेटपर्यंत वृद्ध माणसाला वीस मिनिटंही लागतात, तेव्हा सासूबाईंसाठी तिकिटातच व्हीलचेअर नोंदवा आणि त्यांचं खाणं त्यांच्याच मांडीवरच्या पिशवीत ठेवा. व्हीलचेअर ढकलणारा माणूस पुढे जातो, तुम्ही मुलांना घेऊन मागे राहता आणि डबा नेमका तुमच्याकडे असतो.